तीन मिनिटांचे सत्र आणि सहा आठवड्यांची वाट: खान्देशातील नैराश्याचे एक प्रकरण

जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यातील एका केळी बागायतदार कुटुंबातील ४७ वर्षांच्या गृहिणीवर मेंदूच्या चुंबकीय उत्तेजनाचा, म्हणजे डोक्यावर तारेची कॉइल टेकवून चुंबकीय स्पंद देण्याचा, उपचार करण्यात आला, त्याचा हा सविस्तर वृत्तांत आहे. दोन वेगवेगळी औषधे पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ घेऊनही त्यांचे नैराश्य हटले नव्हते. हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. अशा घरांतून येणाऱ्या रुग्णांच्या परिस्थितीवरून ते उभे केले असून कोणा एका व्यक्तीची ओळख त्यातून पटणार नाही, याची काळजी घेतली आहे. जळगावच्या उपचार केंद्रातील सगळे त्यांना काकू म्हणत, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवले आहे. या उपचाराची शास्त्रीय माहिती आता मराठीतही मिळू लागली आहे. मला सांगायचे आहे ते असे की, खान्देशातील खेड्यातून येणाऱ्या रुग्णाला रोज, सलग दीड महिना, उपचाराच्या खुर्चीपर्यंत कसे आणायचे याची आखणी हा उपचाराचाच भाग आहे आणि ती आखणी नातेवाइकांवर न सोपवता डॉक्टरांनी स्वतः केली पाहिजे.

पूर्वइतिहास

काकूंचा त्रास साधारण अडीच वर्षांपूर्वी सुरू झाला. त्या वर्षी पावसाळ्यानंतर बागेवर कुकुंबर मोझॅक विषाणू, म्हणजे आमच्याकडे ज्याला हरण्या म्हणतात तो रोग आला आणि लावलेल्या रोपांपैकी बरीचशी उपटून नष्ट करावी लागली. त्याच सुमारास मुलीचे लग्न ठरून मोडले. मात्र या दोन घटनांकडे बोट दाखवून आजाराचे सगळे कारण सापडले असे मानणे योग्य नव्हते, कारण काकूंच्या आईलाही चाळिशीनंतर असाच, महिनोन्‌महिने अंथरूण न सोडण्याचा त्रास झाल्याचा इतिहास होता, आणि खुद्द काकूंना दुसऱ्या बाळंतपणानंतर काही महिने रडू येत असे, याची आठवण त्यांच्या सासूबाईंनी करून दिली.

सुरुवातीच्या तक्रारी शरीराच्याच होत्या. डोके जड, छातीत धडधड, हातापायांतले बळ गेलेले, पहाटे तीन-साडेतीनला जाग आणि मग झोप नाही. गावातल्या दवाखान्यात सलाइन लागले, जीवनसत्त्वाची इंजेक्शने झाली, पित्ताच्या गोळ्या झाल्या. शेजारच्या गावातील भगताकडेही दोनदा नेऊन आणले. ‘मन उदास आहे का’ या प्रश्नाला त्या कायम नाही म्हणत. ‘कशात जीव लागत नाही’ हे मात्र पहिल्याच भेटीत त्यांनी आपणहून सांगितले. आमच्या भागात नैराश्य असेच, अंगाच्या भाषेत बोलते. ते ऐकू न आल्यामुळे योग्य निदानाला आठ-नऊ महिने गेले.

काकूंचे यजमान, ज्यांना घरी सगळे आप्पा म्हणत, जुन्या चिठ्ठ्यांची एक फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, चार-चार औषधं झाली, कशाचाच गुण नाही.” ती पिशवी टेबलावर रिकामी करून चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्या, तेव्हा चित्र बदलले. पहिले औषध मळमळ झाली म्हणून बारा दिवसांत बंद पडले होते. दुसरे, एस्सिटालोप्राम, २० मिलिग्रॅमपर्यंत नेऊन अडीच महिने नीट घेतले होते. तिसरे एका नातेवाइकाच्या सल्ल्याने मध्येच बदलले होते. चौथे, व्हेन्लाफॅक्सिन, १५० मिलिग्रॅमवर दोन महिन्यांहून अधिक काळ चालू होते. म्हणजे पुरेसे म्हणता येतील असे औषधांचे प्रयत्न दोनच होते. दोन औषधे योग्य मात्रेत आणि योग्य काळ देऊनही उतार पडत नाही, तेव्हा नैराश्य औषधांना दाद देत नाही असे साधारणपणे मानतात. त्या व्याख्येत हे प्रकरण बसत होते, पण जेमतेम. चुंबकीय उपचाराची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी प्रत्येक रुग्णाची अशी पिशवी उलगडून पाहावी, असा माझा आग्रह असतो, कारण ‘औषधे लागू पडत नाहीत’ असे सांगत येणाऱ्या अनेकांनी ती पुरेशी घेतलेलीच नसतात.

त्या पिशवीत आणखी एक गोष्ट सापडली. प्रत्येक चिठ्ठीत क्लोनाझेपाम, म्हणजे घबराट शमवून झोप आणणारी गोळी, होते आणि ते कोणीच कमी केले नव्हते. काकू ०.५ मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या रोज, दीड वर्षापासून घेत होत्या. या गटातील औषधे चालू असताना चुंबकीय उपचाराचा गुण कमी येतो, असे निरनिराळ्या अभ्यासांत दिसले आहे. शिवाय ती एकदम थांबवली तर झटका, म्हणजे फिट, येण्याचा धोका असतो. त्यामुळे उपचार सुरू करण्याआधीचे काही आठवडे फक्त ही गोळी टप्प्याटप्प्याने उतरवण्यात गेले. घरच्यांना ही दिरंगाई वाटली. ती तशी नव्हती, हे आप्पांना दोनदा समजावून सांगावे लागले.

तपासणी आणि निर्णय

थायरॉइड, रक्तातील लोह आणि बी-१२ यांच्या तपासण्या केल्या. बी-१२ कमी होते, ते भरून काढले, पण मनःस्थितीत त्याने फरक पडला नाही. आयुष्यात कधी झोपेची गरजच वाटू नये इतका उत्साह, उधळपट्टी किंवा बडबड वाढण्याचा काळ आला होता का, हे माहेरच्या माणसांनाही विचारले, कारण द्विध्रुवी आजारातील नैराश्याची उपचाराची दिशा वेगळी असते. तसे काही नव्हते. पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या मोजपट्टीवर, जिचे गुण ० ते २७ असतात आणि २० पासून पुढे आजार तीव्र धरतात, काकूंचे गुण २१ होते.

जीव नकोसा वाटतो का, हा प्रश्न आप्पांना बाहेर बसवून सरळ विचारला. “वाटतं, पण मुलीचं व्हायचं आहे अजून,” असे उत्तर आले. ठरवलेली योजना नव्हती. पण केळीच्या आणि कपाशीच्या फवारणीचे डबे ज्या पडवीत ठेवलेले होते, तिथेच काकूंची दुपारची खाट असे. त्याच संध्याकाळी ते डबे चुलत दिरांच्या शेतातील कुलपाच्या खोलीत गेले पाहिजेत, ही आमची पहिली अट होती, आणि आप्पांनी ती पाळल्याचे मुलाकडून फोनवर खात्री करून घेतली. शेतकरी घरातील नैराश्यावर उपचार करताना ही एक गोष्ट कुठल्याही औषधाआधी करावी लागते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही घरातल्या तिघांच्या मोबाइलमध्ये तिथल्या तिथे साठवून घेतला.

काकू खात-पीत होत्या, भ्रम नव्हते, आत्महत्येचा तातडीचा धोका नव्हता. तसे काही असते तर मी चुंबकीय उपचाराची वाट पाहिली नसती. अशा वेळी भूल देऊन केला जाणारा विद्युत उपचार आजही अधिक खात्रीचा आणि लवकर गुण देणारा आहे, आणि ‘नवीन यंत्र’ आले म्हणून तो मागे टाकणे रुग्णाच्या जिवाशी खेळणे ठरेल. आणखी एक औषध देऊन पाहणे हाही पर्याय होता. पण व्हेन्लाफॅक्सिनने रक्तदाब थोडा चढला होता, मात्रा वाढवणे सोयीचे नव्हते, आणि औषधांचा एकेक प्रयत्न फसत गेला की पुढच्या प्रयत्नाला गुण येण्याची शक्यता घटत जाते. म्हणून चालू औषध त्याच मात्रेत ठेवून सोबत चुंबकीय उपचार द्यावा, असे ठरले. ‘औषधांशिवाय नैराश्यमुक्ती’ अशा जाहिराती शहरात दिसतात. त्या वाचून गोळ्या बंद करणारे रुग्ण पुन्हा खोल गर्तेत जाताना आम्ही पाहतो. हे यंत्र बहुतेक वेळा औषधाच्या जोडीने चालते.

सासूबाईंचा प्रश्न एकच होता: “करंट देणार का डोक्याला?” त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर थोडे विज्ञान सांगावे लागते. बदलते चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात वीजप्रवाह निर्माण करते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवले. त्याच तत्त्वावर १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कवटी न उघडता, चुंबकीय स्पंदाने मेंदूचा हालचालींचा भाग उत्तेजित केला. डोक्यावर टेकवलेल्या आठच्या आकड्यासारख्या कॉइलमधून क्षणार्धात मोठा प्रवाह जातो, सुमारे दीड ते दोन टेस्लाचे क्षेत्र उभे राहते आणि कॉइलखालच्या दोन-तीन सेंटिमीटर खोलीपर्यंतच्या मज्जापेशींत अगदी लहान प्रवाह उमटतो. भूल नाही, बेशुद्धी नाही, विद्युत उपचाराप्रमाणे झटका आणणे नाही. नैराश्यात कपाळाच्या डाव्या बाजूच्या, वरच्या भागातील ज्या पट्ट्याचे काम मंदावलेले दिसते, तो आणि त्याच्याशी जोडलेली खोलवरची केंद्रे पुन्हा कामाला लागावीत, हा हेतू असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये नैराश्यासाठी या उपचाराला मान्यता दिली. सासूबाईंना हे सगळे सांगितले नाही. आप्पांचा हात कॉइलखाली धरून कमी शक्तीचे एक स्पंद दिले. त्यांचे बोट उडाले, ते हसले, आणि सासूबाईंचे समाधान झाले.

वेळापत्रक हेच औषध

जुन्या पद्धतीत दर सेकंदाला १० स्पंद, चार सेकंद चालू आणि सव्वीस सेकंद बंद, असे एक सत्र साडेसदतीस मिनिटे चालते. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये कॅनडातील ४१४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात थीटा बर्स्ट नावाची, ६०० स्पंदांची जेमतेम तीन मिनिटांची पद्धत जुन्या पद्धतीपेक्षा कमी पडत नाही, असे दिसले: जुन्या पद्धतीत ४७ टक्के आणि नव्या पद्धतीत ४९ टक्के रुग्णांचा त्रास निम्म्याने किंवा अधिक उतरला. आम्ही तीन मिनिटांची पद्धत निवडली. सत्र लहान झाले, हे खरे. पण आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे, म्हणजे ३० सत्रे, हा हिशोब तोच राहतो. तीन मिनिटांसाठी यावलच्या बाजूच्या खेड्यातून जळगावला यायचे आणि परतायचे, तर बस बदलण्यासह आख्खा दिवस मोडतो, आणि ज्या बाईला अंथरुणातून उठवायलाच दोन माणसे लागतात, तिच्याकडून ही अपेक्षा करणे म्हणजे आठवडाभरात उपचार बंद पडण्याची तजवीज करणे होय.

म्हणून कॅलेंडर समोर घेऊन आप्पांसोबत बसलो. एप्रिल-मे बाद, कारण जळगाव-भुसावळच्या उन्हात, जिथे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, अशक्त माणसाचा रोजचा प्रवास धोक्याचा. केळीच्या मृग बागेच्या लावणीचे जून-जुलै बाद, कारण तेव्हा सोबतीला माणूस मिळणार नाही. कांदे बागेची, म्हणजे केळीच्याच पावसाळ्यानंतरच्या हंगामाची, लावण उरकली की डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत घरातला एक माणूस मोकळा होतो. उपचार तेव्हाच सुरू करायचा आणि तोवर क्लोनाझेपाम उतरवायचे, असे ठरले. मुक्काम भुसावळला, काकूंच्या धाकट्या बहिणीकडे, सोमवार ते शुक्रवार. तिथून जळगाव साधारण पंचवीस किलोमीटर, रेल्वेही आहे आणि एसटीही. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट असल्याने काकू आणि बहीण दोघींचा प्रवास मिळून एका पूर्ण तिकिटात होत होता, ही बाब आप्पांच्या दृष्टीने लहान नव्हती. सत्राची वेळ सकाळी साडेअकराची धरली, म्हणजे बहिणीचा सकाळचा स्वयंपाक आटोपतो आणि दुपारी दोनपर्यंत परत घरी पोहोचता येते. ही सगळी आखणी केसपेपरवर, औषधांच्या मात्रेखाली लिहिली होती.

एक अडचण मात्र कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. कॉइलजवळ धातू चालत नाही. कानातले, चमकी, केसांतल्या पिना आणि गळ्यातलेही काढून ठेवावे लागते. काकूंनी मंगळसूत्र काढायला नकार दिला. आवाज चढवला नाही, फक्त मान खाली घालून पदर गळ्याभोवती घट्ट ओढून घेतला. यावर तोडगा सासूबाईंनी काढला. हळदीत रंगवलेल्या दोऱ्यात एक हळकुंड ओवून त्यांनी तो सुनेच्या गळ्यात बांधला आणि सोन्याचे मंगळसूत्र सहा आठवडे आपल्याजवळ ठेवले. यंत्राला हळकुंडाची काही हरकत नव्हती. परिचारिकेने पुढे इतर रुग्णांनाही हा मार्ग सुचवला, हे मला फार मोलाचे वाटते, कारण माहितीपत्रकात अशा गोष्टींना जागा नसते.

सत्रे

पहिल्या दिवशी शक्ती ठरवावी लागते. डाव्या बाजूच्या हालचालींच्या भागावर कॉइल धरून स्पंद देत जायचे आणि दहापैकी पाच वेळा उजव्या हाताचा अंगठा हलेल ती सर्वांत कमी शक्ती नोंदवायची. उपचार तिच्या १२० टक्के शक्तीने द्यायचा. मग डोक्याचा घेर, नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचे अंतर टेपने मोजून कपाळाच्या डाव्या बाजूची नेमकी जागा काढतात आणि टोपीवर खूण करतात. काकूंनी डोळे मिटून घेतले होते. कानांत बोळे होते, तरी तो आवाज जाणवतोच. शिवणयंत्र थांबून थांबून चालावे तसा. पहिले तीन-चार दिवस डाव्या भुवईच्या वर टोचल्यासारखे दुखले आणि सत्रानंतर डोके ठणकले. पॅरासिटामॉलने ते थांबले आणि दुसऱ्या आठवड्यात ती तक्रार उरली नाही. झटका येणे हा या उपचारातील सर्वांत गंभीर धोका. तो हजार रुग्णांत एकापेक्षाही कमी आढळतो, पण जागरण, दारू आणि काही औषधे तो वाढवतात, म्हणून रोज सत्राआधी ‘रात्री किती झोप झाली’ हा प्रश्न चुकवायचा नाही, असा नियम आहे.

तिसऱ्या आठवड्यात त्या नियमाचे महत्त्व दिसले. जवळच्या नात्यात मृत्यू झाला, काकू रात्रभर त्या घरी बसून राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी तशाच थेट केंद्रावर आल्या. सत्र दिले नाही. पुढे गंधमुक्तीच्या विधीलाही जाणे भाग होते. ती चुकलेली सत्रे शेवटी जोडली. अशा प्रसंगी रुग्णाला रागावून उपयोग नसतो. आमच्याकडे दारावर, म्हणजे मृत्यू झालेल्या घरी भेटायला, न जाणे हे नाते तोडण्यासारखे मानतात, आणि ते ओझे नैराश्यातल्या माणसावर आणखी टाकू नये.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पीएचक्यू-९ चे गुण १९ होते, म्हणजे जवळपास काहीच फरक नाही. आप्पांचा धीर सुटत चालला होता. याच टप्प्यावर बरेच लोक उपचार सोडतात, म्हणून उपचाराचा परिणाम सहसा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दिसू लागतो हे आधीच, पहिल्या दिवशी, लिहून दिलेले असावे. चौथ्या आठवड्यात गुण १२ वर आले. पण आकड्याआधी बदल घरात दिसला होता. एका शनिवारी गावी परतल्यावर काकूंनी मुलाला आपणहून विचारले, “लाइट दिवसपाळीची आहे का रातपाळीची? ठिबक कोण सुरू करतं?” दोन वर्षांत त्यांनी शेताविषयी विचारलेला तो पहिला प्रश्न होता. पहाटेची जाग तीनवरून पाचवर गेली. सहाव्या आठवड्याच्या अखेरीस गुण ८ होते.

याला पूर्ण उतार म्हणता येणार नाही. पूर्ण उतारासाठी गुण ५ च्या खाली जावे लागतात. हा चांगला प्रतिसाद होता. त्यातला किती वाटा चुंबकाचा आणि किती रोज घराबाहेर पडण्याचा, बहिणीच्या सहवासाचा, क्लोनाझेपाम सुटण्याचा, हे एका रुग्णावरून कोणालाही सांगता येणार नाही. अमेरिकेत १९० रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खऱ्या उपचाराने सुमारे १४ टक्के आणि बतावणीच्या उपचाराने ५ टक्के रुग्णांना पूर्ण उतार पडला होता. त्या रुग्णांना सोबत औषधे नव्हती, हे लक्षात घेऊनही, उपचार खरा आहे आणि तो जादू नाही, या दोन्ही गोष्टी त्या आकड्यांतून दिसतात. रुग्णाच्या घरी हे दोन्ही सांगितले पाहिजे.

खर्च आणि पुढचा काळ

आरोग्य विम्याचा दावा नामंजूर झाला, कारण रुग्णालयात चोवीस तास दाखल नव्हते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २१ नुसार शारीरिक आजारांच्या बरोबरीने मानसिक आजारांना विमा देणे बंधनकारक आहे. परंतु जो उपचार मुळातच दाखल न करता द्यायचा, तो या अटीमुळे बाहेर राहतो. माझ्या मते हा त्या कायद्याच्या हेतूचा भंग आहे. आप्पांनी खर्च भागवला, तो केळीचा भाव त्या हंगामात बरा होता म्हणून. ज्याचा भाव पडला असेल त्याने काय करायचे?

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या रुग्णासाठी तर सहा आठवडे मुक्कामाला नातेवाईकही शहरात नसतात. दिवसाला दहा सत्रे देऊन पाच दिवसांत उपचार पुरा करण्याची, स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेली पद्धत अमेरिकेत २०२२ मध्ये मान्य झाली. तिच्या अभ्यासात केवळ २९ रुग्ण होते आणि जागा ठरवण्यासाठी मेंदूचे विशेष चित्रण लागते, त्यामुळे ती उद्या इथे येईल असे नाही. तरीही सातपुड्यातील माणसाच्या दृष्टीने दीड महिन्याच्या फेऱ्यांऐवजी आठवड्याचा मुक्काम ही खरी सुधारणा आहे, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी अशा पद्धतींचा विचार दूरच्या तालुक्यांना डोळ्यांसमोर ठेवून करावा.

काकूंचे औषध चालू राहिले. पहिले सहा महिने गुण ५ ते ८ च्या दरम्यान होते. भाद्रपदात शेजारच्या बागेवर हरण्या दिसला आणि काकूंची झोप पुन्हा मोडली, गुण १४. घरच्यांनी या वेळी पंधरा दिवसही जाऊ दिले नाहीत. पूर्वी ज्याला उपचार लागू पडला त्याला तो पुन्हा दिला असता बहुधा पुन्हा लागू पडतो, म्हणून भुसावळच्या मुक्कामासह सत्रांची छोटी फेरी दिली आणि गुण ६ वर स्थिरावले. क्लोनाझेपाम पुन्हा सुरू केलेले नाही. रक्तदाब दर महिन्याला गावातील उपकेंद्रात मोजला जातो. पुढच्या पावसाळ्यासाठी आप्पांना आणि बहिणीला लेखी सूचना दिली आहे: सलग पाच दिवस पहाटे चारच्या आत जाग आली, किंवा काकूंनी शेताविषयी विचारणे थांबवले, तर पीएचक्यू-९ च्या गुणांची वाट न पाहता बहिणीने केंद्राला फोन करायचा, आणि फवारणीचे डबे बाग कितीही निरोगी असली तरी दिरांच्या खोलीतच राहतील.